इंजिन ओरडते, पाते मात्र रेंगाळते

प्रश्न : देवबागात कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या पट्टीत आमची माडांची बाग आहे. तिथेच आम्ही न्याहरी-निवासही चालवतो. मृग लागला की बागेत गवत उठते आणि गणपतीच्या आधी बेणणी उरकावीच लागते. त्यासाठी टु-स्ट्रोकचा ग्रास कटर घेतला आहे. यंदा तो गवतात घातला की इंजिनाचा आवाज चढतो, पण पाते हळू पडते. गवत कापले जात नाही, नुसते आडवे होते. एक मेकॅनिक म्हणतो, क्लच गेला. दुसरा म्हणतो, क्लचला काही झालेले नाही, कार्बोरेटर साफ करून घ्या. तिकडे न्यू जर्सीत माझा भाचा राहतो. त्याच्याकडे वर बसून चालवायचे लॉन मॉवर आहे आणि त्याचीही हीच रड : इंजिन ठणठणीत, पाती मंद. त्याने बेल्ट बदलून पाहिला, फरक नाही.

तर माझे तीन प्रश्न. आमचे आजोबा विळ्याने सगळी बाग साफ करत. मग या पात्याला एवढा वेग लागतोच कशाला? माझ्या दोन मेकॅनिकांपैकी खरे कोणाचे? आणि माझ्या यंत्राचे व भाच्याच्या यंत्राचे दुखणे एकच आहे का?

— एक वाचक, देवबाग (ता. मालवण)

उत्तर : तुमचा पहिला प्रश्न वरवर सहज विचारल्यासारखा वाटतो, पण बाकीच्या दोन्हींची किल्ली त्यातच आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आजोबांचा विळा आणि यंत्राचे पाते

आजोबा विळा चालवत तेव्हा त्यांचा दुसरा हात काय करत असे, ते आठवून पाहा. डाव्या मुठीत गवताचा जुडगा धरायचा, तो किंचित ताणायचा आणि उजव्या हाताने विळा ओढायचा. गवत मुठीत पक्के असल्यामुळे त्याला पळायला जागा नसे. विळा सावकाश ओढला तरी चाले, फक्त धार हवी. कात्रीचेही तेच. एक पाते कापते आणि दुसरे पळवाट बंद करते.

ग्रास कटरच्या पात्याला असा जोडीदार नाही. जमिनीत रुजलेली, वरच्या टोकाला मोकळी असलेली काडी समोर येते आणि पाते तिच्यावर एका बाजूने आदळते. काडीने वाकायचे ठरवले तर तिला अडवणारे कोणी नसते. तिला जागच्या जागी धरून ठेवते ती फक्त तिची स्वतःची जडता. पाते पुरेसे वेगात आले तर काडीला वाकायला वेळच मिळत नाही. वाकण्याआधी ती तुटते. पाते हळू आले तर काडी वाकते, पाते तिच्यावरून निघून जाते आणि गवत आडवे होते. तुम्ही लिहिलेले लक्षण नेमके हेच आहे. आजोबांच्या डाव्या मुठीचे काम यंत्रात वेगाला करावे लागते.

हा वेग किती? ग्रास कटरला सर्रास बसवतात ते पाते सुमारे 255 मिलिमीटर व्यासाचे असते. ते मिनिटाला 7,000 फेरे घेते असे धरले तर त्याचे टोक सेकंदाला सुमारे 93 मीटर, म्हणजे ताशी साधारण 335 किलोमीटर वेगाने पळते. आता भाच्याच्या मॉवरकडे पाहू. बसून चालवायच्या मॉवरला बहुधा दोन किंवा तीन पाती असतात. एकेक पाते 21 इंचांचे, म्हणजे सुमारे 53 सेंटिमीटरचे धरले आणि ते मिनिटाला 3,400 फेरे घेते असे मानले, तर टोकाचा वेग निघतो सेकंदाला सुमारे 95 मीटर. एक यंत्र खांद्याला लटकवायचे, दुसऱ्यावर माणूस बसतो. फेरे एकाचे दुसऱ्याच्या दुप्पट. तरी टोकांचा वेग जवळपास सारखाच. गवत सगळीकडे त्याच तऱ्हेने तुटत असल्याने वेगाची गरजही सगळीकडे साधारण तीच राहते. वरच्या बाजूलाही मर्यादा आहे. पात्याखालून उडालेला दगड प्राणावर बेतू शकतो, म्हणून अमेरिकेतील सुरक्षा मानकाने मॉवरच्या पात्याच्या टोकाला मिनिटाला 19,000 फुटांची, म्हणजे सेकंदाला सुमारे 96 मीटरची कमाल मर्यादा घातली आहे. उत्पादक तिच्या अगदी जवळ जाऊन थांबतात.

म्हणजे खाली उतरायला फारशी जागा नाही आणि वर चढायला तर नाहीच. त्यातून फिरत्या पात्यात साठलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत बदलते. वेग निम्मा झाला की ऊर्जा चौथ्या हिश्शावर येते. म्हणून पाते 'थोडेसेच' मंदावले तरी कापणी एकदम बिघडते.

वेगाशिवाय गवत कापणारी यंत्रेही आहेत. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायरमधल्या स्ट्राउडजवळ एडविन बडिंग या कारागिराने 1830 मध्ये पहिल्या लॉन मॉवरचे पेटंट घेतले. ती कल्पना त्याला लोकरी कापडावरची लव कातरणाऱ्या गिरणीतल्या यंत्रावरून सुचली. त्या मॉवरमध्ये फिरणाऱ्या दंडगोलावर पाती होती आणि खाली एक स्थिर पाते होते. दोघांच्या चिमटीत गवत कातरले जाई, म्हणून माणसाने चालत ढकललेल्या वेगावरही ते काम करे. क्रिकेटची खेळपट्टी आणि गोल्फची हिरवळ आजही याच जातीच्या यंत्राने कापतात. दुसरे टोक पाहायचे तर अमेरिकेत ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलास यांनी 1971 मध्ये नायलॉनच्या दोरीने गवत कापण्याची युक्ती काढली. मोटारी धुण्याच्या यंत्रातले फिरते ब्रश पाहून त्यांना ती सुचली होती. त्या दोरीला धार अजिबात नसते. ती थांबलेली असेल तर बोटाभोवती गुंडाळता येते. कापतो तो निव्वळ वेग.

दोन मेकॅनिक, एक ग्रास कटर

आता मूळ तक्रारीकडे. पाते मंदावण्याची कारणे डझनभर असली तरी ती दोनच पोटांत मावतात. एक तर इंजिनच ताकद देत नाही, किंवा इंजिन ताकद देते पण ती पात्यापर्यंत पोहोचत नाही. कोणत्या पोटातले दुखणे आहे, हे ओळखायला पान्याची गरज नाही. कान पुरे.

पूर्ण रेस देऊन यंत्र गवतात घाला आणि ऐका. इंजिनाचा आवाज खाली बसला, ते घुसमटल्यासारखे झाले, तर ताकद कमी आहे. आवाज तसाच राहिला किंवा चढला आणि पाते मात्र हळू पडले, तर मधे कुठेतरी घसरण आहे. तुमच्याकडच्या होड्यांवर हे पाहिले असेल : आउटबोर्डच्या पंख्यातला रबरी बुश सुटला की इंजिन गर्जना करते आणि होडी जागची हलत नाही. इंजिनावरचा भार निघून गेल्यामुळे ते मोकळे पळत असते.

तुम्ही लिहिता की आवाज चढतो. म्हणजे पहिल्या मेकॅनिकचा अंदाज बरोबर दिशेने आहे. पण त्याच्या सांगण्यावरून लगेच क्लच बदलू नका. क्लच घसरतो हे एकदा ठरले, तरी तो *का* घसरतो हे त्याने सांगितलेले नाही.

हा क्लच कसा चालतो ते थोडक्यात पाहू. इंजिनाच्या फिरत्या भागावर दोन शू बसवलेले असतात आणि एक स्प्रिंग त्यांना आत ओढून धरते. इंजिनाचा वेग वाढला की शू बाहेर फेकले जातात, भोवतीच्या ड्रमला आतून घासतात आणि त्याला सोबत फिरवतात. ड्रमला जोडलेला लांब दांडा नळीतून खाली जातो आणि टोकाच्या गिअर बॉक्समार्फत पाते फिरवतो. रेस सोडल्यावर इंजिन चालू असूनही पाते थांबते, ते याचमुळे.

आता यातली खोच. शू बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि त्यातून स्प्रिंगचा जोर वजा होतो. समजा शू 3,500 फेऱ्यांवर ड्रमला टेकतात आणि पूर्ण रेसमध्ये इंजिन 9,000 फेरे घेते. तेच इंजिन 4,500 फेऱ्यांवर चालवले, तर वेग निम्मा होतो, पण ड्रमवरची पकड निम्मी राहत नाही. ती आठव्या-नवव्या हिश्शावर येते. पेट्रोल वाचावे म्हणून अर्ध्या रेसवर दिवसभर कटर मारणारे गडी कोकणात ठिकठिकाणी दिसतात. पेट्रोल वाचते थोडेसे, आणि शू मात्र ड्रमवर घासत, तापत, झिजत राहतात. ड्रम निळसर-जांभळा पडलेला दिसला, तर तो याच उष्णतेचा पुरावा आहे.

याच हिशेबात दुसऱ्या मेकॅनिकचेही म्हणणे बसू शकते. कार्बोरेटरमध्ये कचरा असल्याने इंजिन पूर्ण वेग गाठतच नसेल, तर क्लचची पकड आपोआप ढिली पडेल. दाट गवत आले की वेग आणखी उतरेल, पकड आणखी जाईल आणि क्लच घसरू लागेल. घसरल्यावर भार सुटून इंजिनाचा आवाज चढेल. ऐकणाऱ्याला वाटेल, इंजिन तर ठीक आहे. म्हणून कानाची परीक्षा दोनदा घ्यावी : एकदा गवतात, आणि एकदा मोकळ्या हवेत. मोकळ्या हवेत पूर्ण रेस दिल्यावर आवाज नेहमीइतका चढत नसेल, तर कार्बोरेटरवाला खरा. चढत असेल, तर क्लचवाला. आणि कधी कधी दोघेही.

खिशाला तोशीस न पडणाऱ्या तपासण्या आधी

कोणतीही तपासणी करण्याआधी इंजिन बंद करून स्पार्क प्लगची टोपी काढा आणि हातात जाड मोजे घाला. मग पाते हाताने फिरवून पाहा. ते सहज फिरले पाहिजे. अडत असेल, खरखरत असेल, तर दुखणे क्लचच्या खाली आहे.

देवबागसारख्या गावात पहिला संशय घ्यावा तो पात्याच्या वरच्या बाजूला गुंडाळल्या गेलेल्या वस्तूंचा. माडाच्या बागेत सोडणांचा काथ्या असतो, झावळांचे हीर असतात. मासेमारीच्या गावात गवतात जाळ्याचे नायलॉनचे तुकडे हमखास लपलेले असतात. ते गिअर बॉक्स आणि पाते यांच्या मधल्या फटीत शिरतात, फिरून घट्ट आवळतात, तापून वितळतात आणि तिथे कडक कडे होऊन बसते. बाहेरून काही दिसत नाही. पाते काढल्याशिवाय कळतही नाही. हा एक ब्रेकच तुम्ही लावून घेतलेला असतो आणि त्याच्याशी झुंजताना क्लच बळी जातो. नवा क्लच टाकला की महिनाभर बरे वाटते, मग पुन्हा तेच.

पाते काढताना लक्षात ठेवा : त्याचा नट बहुतेक यंत्रांत उलट्या आट्यांचा असतो. नेहमीच्या सवयीने सोडवायला जाल तर तो आणखी आवळेल. बसवतानाही हीच चूक होते आणि नट अर्धवट राहतो. मग पाते दोन चकत्यांच्या मधे स्वतःच घसरते; मधल्या भोकाभोवती चकाकणारे घासल्याचे वर्तुळ दिसले तर ओळखावे.

पाते उतरवलेलेच आहे तर गिअर बॉक्सच्या बाजूचा छोटा स्क्रू काढून ग्रीस आहे का पाहा. चालवल्यानंतर गिअर बॉक्सला हात लावता येत नसेल इतका तो तापत असेल, तर आत ग्रीस संपले आहे किंवा बेअरिंग जायला आले आहे. खाऱ्या हवेत हे लवकर होते. त्यातही यंत्र पावसाळ्यानंतर आठ महिने पडवीत टेकवून ठेवलेले असेल, तर क्लचच्या ड्रमला आतून गंज चढतो. हलका गंज बारीक पॉलिश पेपरने निघतो. पण ड्रमवर ऑइल किंवा ग्रीस आलेले असेल तर ते पुसून काढावे आणि ते आले कुठून हे शोधावे. तेलकट ड्रम कितीही नव्या शूंना दाद देत नाही.

एवढे सगळे ठीक निघाले तरच क्लच उघडावा. शूंची जाडी दोन्हीकडे सारखी आहे का, स्प्रिंग तुटली आहे का, आणि दांड्याचे टोक ज्या खाचेत बसते ती झिजून गोल झाली आहे का, हे पाहावे. शेवटचे दुखणे फसवे असते. क्लच उत्तम असतो, दांडा मात्र आपल्या खाचेत नुसता गरगरतो.

इंजिनच कमी पडत असेल तर

इथेही स्वस्त गोष्टी आधी. चोक अर्धवट उघडा राहिला नाही ना? रेसची केबल ओढल्यावर कार्बोरेटरची खटकी शेवटपर्यंत जाते ना? एअर फिल्टरचा स्पंज वाळूने भरला नाही ना? देवबागची जमीन वाळूचीच, त्यामुळे खाली झुकवून चालवलेल्या कटरला धूळ भरपूर मिळते. इंजिन पाचेक मिनिटे नीट चालून मग मलूल होत असेल, तर टाकीचे झाकण किंचित सैल करून पाहा. झाकणातले हवेचे बारीक भोक बुजले की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल उतरत नाही. झाकण सैल करताच इंजिन सुधारले, तर दुरुस्तीचा खर्च एका टाचणीचा.

पुढचा प्रश्न पेट्रोलचा. पंपावर आज मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतली आर्द्रता शोषून घेते आणि किनाऱ्यावर आर्द्रतेला तोटा नाही. पाणी प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात, पेट्रोल वर राहते. टु-स्ट्रोकचे ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये, आणि इंधन ओढणारी नळी तळाशी. म्हणजे इंजिनाच्या वाट्याला येते पाणीमिश्रित इथेनॉल आणि ऑइल जवळजवळ नाही. गेल्या दिवाळीत उरलेले मिश्रण यंदाच्या मृगात वापरणे म्हणजे पिस्टनशी वैर. हंगाम संपला की टाकी रिकामी करावी, मग इंजिन चालू करून कार्बोरेटरमधले उरलेले जाळून टाकावे. मिश्रण पुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणातच करावे : 1:50 सांगितले असेल तर लिटरला 20 मिली, 1:25 असेल तर 40 मिली. 'थोडे जास्त ऑइल बरे' म्हणून हात सैल सोडला, तर सायलेन्सरच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी काजळीने बुजते. इंजिनाला श्वास सोडता येत नाही, ते सुरू होते, कमी रेसमध्ये गोड चालते, पण वरचा वेग गाठतच नाही. ही जाळी काढून साफ करणे हे अनेकदा कार्बोरेटर साफ करण्यापेक्षा जास्त गुणकारी ठरते, आणि तिची आठवण मात्र कोणाला होत नाही.

शेवटी एक शक्यता अशी की यंत्र निरोगी आहे आणि ओझेच जास्त आहे. पात्याऐवजी नायलॉनची दोरी लावत असाल तर ती यंत्राला सांगितलेल्या जाडीचीच घ्या. गार्ड काढून दोरी लांब सोडण्याची सवय तर फारच महाग पडते. तेवढेच फेरे ठेवायचे, तर हवेचा अडथळा दोरीच्या लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो : दोरी वीस टक्के लांब केली की गवताला स्पर्श होण्याआधीच इंजिनावरचा हवेचा भार दुप्पट होतो. गार्डवरची छोटी पाती दोरी आपोआप बेताची ठेवते, ती त्यासाठीच असते. आणि पाते वाळूत टेकवून चालवू नये. वाळू धार खाते, बोथट पात्याला ओढ जास्त लागते आणि ते मंदावते. किनाऱ्याकडे पसरलेल्या मर्यादवेलीवर तर कटर चालवूच नका. तिच्या लांब दोरासारख्या फांद्या गिअर बॉक्सभोवती गुंडाळतात हे एक. आणि समुद्राकडची वाळू धरून ठेवण्याचे काम तीच करते, हे दुसरे आणि अधिक महत्त्वाचे. देवबागकरांना धुपीबद्दल वेगळे सांगायला नको.

न्यू जर्सीतला भाचा

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर : दुखणे एकाच जातीचे, जागा वेगळी. बसून चालवायच्या मॉवरमध्ये शूंच्या क्लचऐवजी रबरी व्ही-बेल्ट असतो. इंजिनाखालच्या पुलीवरून निघून तो पात्यांच्या पुल्या फिरवतो, आणि एक स्प्रिंगवाली पुली त्याला ताणून धरते. कानाची परीक्षा इथेही तीच. आवाज बसला तर इंजिन. आवाज कायम राहून किंचाळी किंवा जळक्या रबराचा वास आला तर बेल्ट.

पण त्याने बेल्ट बदलला आहे, तरी फरक नाही. तेव्हा त्याला आधी रेसची मूठ पाहायला सांगा. अशा बहुतेक मॉवरवर मुठीशेजारी ससा आणि कासव यांची चित्रे असतात. गाडी हळू चालवायची म्हणून अनेकजण मूठ कासवाकडे ओढतात, आणि गाडीबरोबर पातीही मंदावतात. कापताना मूठ कायम सशावर ठेवायची. गाडीचा वेग गिअरने किंवा पायाखालच्या पेडलने कमी करायचा.

ते ठीक असेल तर ताण देणाऱ्या पुलीचा हात त्याच्या खिळीवर मोकळा हलतो का ते पाहावे. तो गंजून जाम झाला की नवा बेल्टही सैलच राहतो, आणि बेल्ट बदलूनही फरक न पडण्याचे हे नेहमीचे कारण आहे. दुसरे कारण बेल्टच्या मापाचे. दिसायला सारखा पण जरासा अरुंद बेल्ट पुलीच्या खाचेत खोल बसतो आणि बाजूंनी पकडण्याऐवजी तळावर घसरतो. तिसरे, बसवताना बेल्ट एखाद्या मार्गदर्शक खुंटीच्या चुकीच्या बाजूने गेलेला असतो. मग किल्ली काढून, हँडब्रेक लावून, प्लगची तार सोडवून एकेक पाते हाताने फिरवावे. अडणारे पाते म्हणजे गेलेले बेअरिंग. पात्यांच्या झाकणाखाली ओल्या गवताचा लगदा वाळून बसला असेल तर तोही खरवडावा, कारण पाती त्यालाच घासत असतात. पाती विजेच्या क्लचने जोडली जात असतील तर बॅटरी अशक्त असली तरी चुंबकाची पकड ढिली पडते. आणि पाते उलटे बसवले नाही ना, हेही एकदा पाहावे. उलटे पाते पूर्ण वेगात फिरूनही गवत नुसते चोळते, आणि मालकाला वाटते वेग कमी आहे.

संशय फेडायचा असेल तर परावर्तक पट्टी चिकटवून फेरे मोजणारा छोटा लेझर टॅकोमीटर मिळतो. भार नसताना इंजिनाच्या पुलीचे फेरे मोजावेत, मग पात्याच्या पुलीचे, आणि पुस्तिकेतल्या आकड्यांशी ताडावे. काम सुरक्षित अंतरावरून आणि झाकणे जागच्या जागी ठेवूनच करावे. एक मोह मात्र टाळावा : गव्हर्नरची स्प्रिंग ताणून इंजिनाचा वेग वाढवण्याचा. घसरण तशीच राहते आणि ज्या दिवशी ती सुटते, त्या दिवशी पाती ठरलेल्या मर्यादेच्या पलीकडे पळतात.

तुमच्या ग्रास कटरसाठी क्रम असा ठेवा : पाते काढून मधला गुंता, मग ग्रीस, मग सायलेन्सरची जाळी आणि एअर फिल्टर, मग ताजे पेट्रोल आणि पूर्ण रेस. एवढ्यावर बहुतेक कटर शुद्धीवर येतात. नाही आले तर पहिल्या मेकॅनिककडे जाऊन क्लच उघडायला सांगा, आणि तो उघडताना समोर उभे राहा.

यंत्र बरे झाल्यावर मात्र एका गोष्टीची तयारी हवी. मंद पाते गवत नुसते आडवे करत होते, तसेच ते शिंपले आणि करवंट्याही नुसत्या बाजूला सारत होते. पुन्हा वेगात आले की तेच तुकडे गोळीसारखे उडतील, आणि देवबागच्या वाळूत त्यांची कमतरता नाही. चालवणाऱ्याला चष्मा आणि पायात बूट हवेतच. बाकी सगळ्यांनी किमान 15 मीटर लांब राहायचे. घरी पाहुणे उतरलेले असताना बेणणीला सगळ्यांत चांगली वेळ म्हणजे ते सकाळी डॉल्फिन पाहायला होडीतून गेलेले असतात ती. त्यांच्या गाड्यांच्या काचांसाठी मात्र आधीच दुसरी जागा बघून ठेवा.